स्विचची रोजनिशी

"स्विच" हा शब्द उच्चारतांच बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें भिंतीवरील दिव्याचें बटण उभें राहील. आज मला ज्या स्विचविषयीं बोलावयाचें आहे तो निराळा. ज्या कचेरींत, शाळेंत किंवा बँकेंत दहावीस संगणक आहेत, तेथें कोठें तरी कोपऱ्यांत, बहुधा उंच फळीवर, धूळ खात पडलेली एक चपटी लोखंडी पेटी असते. तिच्या तोंडाला चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकें असतात. भोकाभोकांत एक एक केबल खोंचलेली असते आणि तिच्याशेजारीं एक हिरवा दिवा लुकलुकत असतो. या भोकांना पोर्ट म्हणतात. एका संगणकाकडून निघालेला मजकूर कोणत्या पोर्टांतून बाहेर काढावयाचा हें ठरविणें, एवढेंच या पेटीचें काम. टपालकचेरींत पत्रें निवडणाऱ्या कारकुनासारखें तें आहे. फरक इतकाच कीं, हा कारकून एका सेकंदांत लाखों पत्रें वाटतो आणि पत्त्यापलीकडे कोणाच्या पत्रांत डोकावीत नाहीं.

परंतु हा कारकून आणखी एक काम करीत असतो, आणि तें फारच थोड्यांस ठाऊक असतें. तो रोजनिशी लिहितो. अमुक पोर्टावरची केबल सुटली, ती पुन्हां लागली, कोणीं तरी आंत शिरण्यासाठीं चुकीचा संकेतशब्द दिला, कोणीं माझी मांडणी बदलली, माझा पंखा थांबला, मी आतांच जागा झालों, अशा एकेका ओळीच्या नोंदी तो अहोरात्र करतो. पोलिस ठाण्यांतील स्टेशन डायरी जशी कोणी वाचो वा न वाचो, लिहिली जाते, तशीच ही. हिला इंग्रजींत सिस्टिम मेसेज लॉगिंग असें लांबलचक नांव आहे. व्यवहारांत नुसतें लॉग म्हणतात. ही रोजनिशी कोठें लिहावी, किती बारकाईनें लिहावी आणि प्रत्येक ओळीवर वेळ कोणती घालावी, हें मात्र मालकानें ठरवून द्यावें लागतें. मालकानें तें न ठरविल्यास यंत्र स्वतःच्या समजुतीनें चालतें, आणि यंत्राची समजूत व मालकाची गरज यांचा मेळ क्वचितच बसतो.

लिहिण्यासाठीं स्विचला मुख्यतः चार जागा असतात. पहिली जागा कन्सोल, म्हणजे यंत्राला प्रत्यक्ष तार जोडून बसलेल्या माणसाचा पडदा. दुसरी, दुरून आंत आलेल्या माणसाचा पडदा. या दोन्ही ठिकाणीं लिहिणें हें लिहिण्यापेक्षां बोलण्याच्याच जवळचें आहे. समोर कोणी असेल तर तो ऐकेल, नसेल तर शब्द हवेंत गेले. तिसरी जागा यंत्राची स्वतःची स्मृति. तिला बफर म्हणतात, पण आपण तिला पाटी म्हणूं, कारण गुण तिचे पाटीचेच आहेत. सिस्को कंपनीच्या पुष्कळ स्विचांत ही पाटी मुळांत ४०९६ अक्षरांची असते. एक ओळ सरासरी शंभर अक्षरांची धरली तर चाळीस ओळी झाल्या. एकेचाळिसावी ओळ लिहावयाची म्हणजे पहिली पुसावी लागते. आणि यंत्राची वीज गेली कीं सारी पाटी कोरी. चौथी जागा म्हणजे दुसरा एखादा संगणक, ज्याच्याकडे स्विच आपली प्रत्येक ओळ लिहितांक्षणींच पाठवून देतो. मालकानें कांहीं केलें नाहीं तर पहिल्या तीन जागा बहुधा चालू असतात आणि चौथी बंद असते. म्हणजे जी एकच जागा विश्वासाची, तीच रिकामी.

यानें काय बिघडतें, हें आमच्या गांवच्या उदाहरणानें सांगतों. माझें गांव लोहारा, धाराशिव जिल्ह्यांतील एक तालुक्याचें ठिकाण. शहरवासीयांपैकीं पुष्कळांस तें नकाशांत शोधावें लागेल. तरी पण शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज, सर्व कांहीं आतां आमच्याकडेही संगणकावरच भरावें लागतें. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तीच पुढें भारतनेट या नांवानें प्रसिद्ध झाली. केबल आली तशी शेवटची तारीखही आली. पूर्वीं अर्ज टपालांत टाकला कीं शिक्क्यावरची तारीख पुराव्याला असे. आतां शेवटच्या दिवशीं दुपारीं केबल पांच मिनिटें मुकी झाली तर त्या पांच मिनिटांचा पुरावा कोणाजवळ आहे?

गांवांतील एका संस्थेंत बारा संगणकांची एक खोली आहे. निवृत्त झाल्यापासून दुपारच्या वेळीं मी तेथें मुलांना अर्ज भरण्यास साह्य करतों. कांहीं वर्षांपूर्वीं तेथें असा प्रकार सुरू झाला कीं, रोज दुपारीं केव्हां तरी जोडणी तुटावी, दोनतीन मिनिटांनीं ती परत यावी, आणि तोंवर अर्जाच्या शेवटच्या पानावर पोहोंचलेल्या मुलाला "पुन्हां प्रवेश करा" असा हुकूम मिळून सगळें पहिल्यापासून लिहावें लागावें. एका शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशीं दोन मुलींचे अर्ज असेच राहिले. मग गुन्हेगार शोधणें आलें. संस्थेच्या शिपायानें आपला मोबाईल भारित करण्यासाठीं स्विचची पिन काढली असली पाहिजे, असा तर्क कोणीं तरी केला आणि चालकांनीं त्याजकडून लेखी खुलासा मागितला. ज्या दुकानदारानें यंत्रें बसविलीं होतीं, त्याचें फोनवरचें उत्तर ठरलेलें होतें : "बंद करून पुन्हां चालू करा." तसें केलें कीं सर्व कांहीं सुरळीत चाले, आणि त्याबरोबरच पाटी कोरी होई.

दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी गांवीं आला. पुण्यास तो हींच कामें करतो. त्यानें स्विच उघडून पाहिला तर पाटीवर सकाळपासूनच्या नोंदी तेवढ्या होत्या. तो म्हणाला, "गुरुजी, साक्षीदार इथेंच बसला आहे. पण हे लोक रोज त्याची आठवण पुसतात आणि मग त्याला कांहीं विचारीतच नाहींत." आणि पाटी पुसण्याची गरजही नव्हती. संध्याकाळीं बारा संगणक बंद झाले कीं प्रत्येकामागें दोन ओळी लिहिल्या जातात, एक तार सुटल्याची आणि दुसरी तीवरील संभाषण थांबल्याची. सकाळीं ते चालू झाले कीं पुन्हां दोन. बारा चोक अठ्ठेचाळीस. चाळीस ओळींची पाटी एका दिवसाच्या उघडझांकेंतच भरून वाहून जात होती.

तेव्हां पहिलें काम म्हणजे रोजनिशी यंत्राबाहेर नेणें. कपाटांत पडलेला एक जुना संगणक काढून त्यावर लिनक्स व आरसिसलॉग हीं विनामूल्य मिळणारीं साधनें बसविलीं आणि स्विचला आज्ञा दिली : "लॉगिंग होस्ट", आणि पुढें त्या संगणकाचा पत्ता. मूळ काम इतकेंच. ज्या भाषेंत स्विच हीं टिपणें पाठवितो तिला सिसलॉग म्हणतात. ही पद्धति अमेरिकेंत बर्कले येथील विद्यापीठांत एरिक ऑलमन या गृहस्थानें १९८० नंतरच्या दशकांत टपाल पोंचविणाऱ्या एका संगणकी योजनेसाठीं काढली. ती इतकी सोयीची ठरली कीं, कोणीं नियम घालून न देतां जो तो ती वापरूं लागला. तिचें वर्णन नीट कागदावर आलें तें २००१ सालीं, आणि प्रमाण स्वरूप ठरलें २००९ सालीं. भाषा आधीं आणि व्याकरण मागून, हा क्रम संगणकांतही चुकलेला नाहीं.

सिसलॉगच्या स्वभावांतील एक गोष्ट मात्र जाणून असावें. तिची जुनी आणि आजही सर्वत्र चालणारी रीत साध्या पोस्टकार्डाची आहे. स्विच कार्ड टाकतो आणि विसरतो. तें पोंचलें कीं नाहीं याची पोचपावती तो मागत नाहीं. वाट तुटलेली असतां टाकलेलें कार्ड हरवतें. शिवाय कार्ड उघडें असतें : वाटेंत कोणीही वाचावें, आणि स्विचच्या नांवानें खोटें कार्डही कोणीं टाकावें. पोचपावतीची आणि लखोट्यांत बंद करून पाठविण्याची रीतही पुढें निघाली आहे. नव्या यंत्रांत ती मिळते आणि मोठ्या कचेऱ्यांनीं तीच घ्यावी. आमच्यासारख्यांनीं निदान एवढें करावें कीं, नोंदी घेणारा संगणक विद्यार्थ्यांच्या संगणकांच्या गल्लींत न ठेवतां त्याची गल्ली वेगळी करावी. स्विचमध्यें तशी सोय असते. आणि पाटीही बंद करूं नये, उलट ती चारसहा पट मोठी करावी, म्हणजे वाट तुटली असतां हरवलेलीं कार्डें तींत सांपडतात. याकरितां प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक घालण्याची आज्ञा आहे. कार्डांत ५७ नंतर एकदम ६० आला तर मधलीं दोन कोठें तरी गळालीं हें उघड दिसतें. वहीचीं पानें क्रमांकित असावींत, हा कोणत्याही दप्तराचा पहिलाच नियम.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नोंदी पाहिल्या. कार्डें आलीं होतीं, पण प्रत्येकावर तारीख होती १ मार्च, आणि स्विचला त्याची घटिका विचारली तर तो सांगे, सोमवार, १ मार्च १९९३.

यांत जादू कांहीं नाहीं. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट नांवाच्या अनेक जुन्या स्विचांत वीज नसतांना घड्याळ चालूं ठेवणारी बॅटरी नसते. वीज आल्यावर जागें झालेल्या यंत्राला आजचा दिवस ठाऊक नसतो, म्हणून करणाऱ्यांनीं नेमून दिलेल्या एका ठराविक क्षणापासून तें मोजूं लागतें. तो क्षण म्हणजे १ मार्च १९९३ ची मध्यरात्र. जगांतील कोणत्याही गांवीं असा स्विच वीज जाऊन परत आली कीं त्याच सोमवारीं जागा होतो. आपली वेळ खरी नाहीं हें तो प्रामाणिकपणें कबूलही करतो : अशा नोंदीच्या आरंभीं तो एक तारकाचिन्ह घालतो. तें चिन्ह पाहावयास शिकणें हें नोंदी वाचण्याचें पहिलें अक्षर होय.

इतर ठिकाणीं त्या सालाकडे कोणी लक्षही देणार नाहीं. आमच्याकडे तें ओळखीचें निघालें. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जो भूकंप झाला, त्याला बाहेरचे लोक किल्लारीचा भूकंप म्हणतात. पण आज लोहारा तालुक्यांत असलेलें सास्तूरही त्यांत जमीनदोस्त झालें. माझ्या पिढीचीं माणसें अजूनही भूकंपाच्या आधीं आणि भूकंपाच्या नंतर अशी कालगणना करतात. त्या भूकंपाचा येथें उल्लेख करण्याचें कारण निराळें आहे. वेळेची नोंद खरी असली तर तींतून काय काय काढतां येतें, याचें भूकंपशास्त्राइतकें चांगलें उदाहरण नाहीं.

भूकंपाची लाट जमिनींतून सेकंदास सुमारें सहा ते आठ किलोमीटर वेगानें जाते. ती जवळच्या वेधशाळेंत आधीं पोंचते आणि दूरच्या वेधशाळेंत मागून. निरनिराळ्या वेधशाळांतील यंत्रांनीं ती केव्हां आली तें लिहिलेलें असतें, आणि या वेळांच्या अंतरावरून धक्क्याचें मूळ स्थान कोणतें हें गणितानें काढतात. कोणत्याही वेधशाळेनें तें स्थान डोळ्यांनीं पाहिलेलें नसतें. आतां समजा, त्यांपैकीं एका वेधशाळेचें घड्याळ दहा सेकंदांनीं चुकलेलें आहे. तिच्यापुरतें अंतर साठ ते ऐंशी किलोमीटरांनीं चुकेल. यंत्र उत्तम, कागद उत्तम, रेघ स्पष्ट; आणि तरी त्या नोंदीनें मदत होण्याऐवजीं दिशाभूल होईल. चुकीच्या वेळेची नोंद ही नोंद नसण्यापेक्षां वाईट, असें मी म्हणतों तें यासाठीं.

स्विचचेंही तेंच. जोडणी तुटली ही गोष्ट एकट्यानें कांहींच सांगत नाहीं. ती तुटली त्याच क्षणीं दुसरीकडे काय घडत होतें, हें ताडून पाहिलें तरच कारण सांपडतें. आणि ताडून पाहण्यासाठीं सर्वांचीं घड्याळें एक हवींत. नोंदी घेणारा संगणक आपल्या घड्याळाप्रमाणें पोंचल्याची वेळ लिहितो खरा, पण आमचा तो जुना संगणक सतरा मिनिटें पुढें होता. म्हणजे एक साक्षीदार १९९३ सालांत आणि दुसरा सतरा मिनिटें भविष्यांत.

घड्याळें मिळविण्याची रीति आतां अगदीं सोपी झाली आहे. तिचें नांव एनटीपी. अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनीं तिचें पहिलें वर्णन १९८५ सालीं प्रसिद्ध केलें. यंत्र दुसऱ्या विश्वासू यंत्राला विचारतें, "किती वाजले?" उत्तर येण्यास जो वेळ लागला त्याचा हिशेब घेऊन वाटेंत गेलेला वेळ तें उत्तरांत मिळवितें, आणि हेंच पुन्हां पुन्हां करून आपलें घड्याळ हळूहळू सरळ करतें. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर राखते आणि ती या रीतीनें संगणकांना पुरवितेही. "एनटीपी सर्व्हर" या आज्ञेनें स्विचला वेळ कोणाला विचारावयाची तें सांगावें. "क्लॉक टाइमझोन" या आज्ञेनें आपण जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहों हें सांगावें. आणि "सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स" या आज्ञेनें प्रत्येक नोंदीवर तारीख, तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भागही घालावयास लावावें. स्थानिक वेळ लिहावी कीं जागतिक, यावर जाणत्यांत वाद आहे. देशोदेशीं यंत्रें असतील तर जागतिक वेळ बरी. एका गांवापुरती स्थानिक वेळ पुरते. पण एक ठरवावी आणि सर्व यंत्रांत तीच ठेवावी. हिंदी प्रमाणवेळ १९०६ सालीं अमलांत आल्यावरही मुंबई शहरानें सुमारें ३९ मिनिटें मागें असलेली आपली मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्या काळच्या एखाद्या कागदावर "सकाळीं दहा वाजतां" एवढेंच असेल तर आज संशोधकाला आधीं विचारावें लागतें, दहा कोणाचे?

दोन्ही घड्याळें एक झाल्यावर आम्हीं अकरा दिवस कांहीं न करतां नोंदी जमूं दिल्या. मग छापून पाहिल्या. गोष्ट लहान मुलालाही दिसावी इतकी स्पष्ट होती. बाहेरच्या केबलचा जो पोर्ट, तो रोज दुपारीं २ वाजून ४५ मिनिटांच्या आंतबाहेर "डाउन" झालेला आणि सुमारें चाळीस सेकंदांनीं पुन्हां "अप" झालेला. स्वतः स्विच एकदांही बंद पडला नव्हता; पडला असता तर जागा झाल्याची ओळ त्यानें लिहिली असती. म्हणजे पिन काढल्याची कथा तेथेंच संपली. या अकरा दिवसांत एक रविवार होता. त्या दिवशीं खोलीला कुलूप, किल्ली चालकांच्या घरीं आणि शिपाई लेकीच्या गांवीं. नोंद मात्र त्याही दिवशीं २ वाजून ४५ मिनिटांचीच.

मग पावणेतीन वाजतां काय होतें, एवढाच प्रश्न उरला. पाण्याची टांकी भरण्यासाठीं बोअरच्या मोटारीला टायमर लावलेला होता, आणि त्यावर पावणेतीनचा आंकडा होता. प्रकाशतंतूवरचा मजकूर तांब्याच्या केबलवर घेणारी एक लहान डबी असते; तिला कन्व्हर्टर म्हणतात. स्विच इन्व्हर्टरवर होता, पण या डबीची पिन ज्यानें कोणीं बसविली त्यानें ती व्हरांड्यांतील मोटारीच्याच बोर्डांत खोंचलेली होती. मोटार सुरू होतांना क्षणभर दाब खालीं जाई, डबी बंद पडून पुन्हां सुरू होई, आणि त्यापुढें इंटरनेट मूळ पदावर यावयास दोन मिनिटें जात. डबीची पिन इन्व्हर्टरवर आणली आणि तो रोग गेला. चालकांनीं खुलाशाचें पत्र परत घेतलें. शिपायाची क्षमा कोणीं मागितली नाहीं, हेंही येथें नोंदवून ठेवतों. त्या दोन मुलींची शिष्यवृत्ति मात्र गेली ती गेलीच. नोंदी चार महिने आधींपासून असत्या तर निदान दाद मागतांना दाखवावयास कागद असता.

आतां बारकाईचा प्रश्न. सिसलॉगनें घटनांच्या आठ पायऱ्या केल्या आहेत, शून्यापासून सातपर्यंत, आणि आंकडा जितका लहान तितकी घटना गंभीर. शून्य म्हणजे यंत्र निकामी, एक म्हणजे ताबडतोब धांवा, दोन गंभीर, तीन चूक, चार इशारा, पांच म्हणजे दोष नव्हे पण दखल घ्यावी अशी गोष्ट, सहा निव्वळ माहिती, सात म्हणजे कारागिरानें यंत्र उघडून तपासतांना पाहावयाचा बारीकसारीक तपशील. "लॉगिंग ट्रॅप" या आज्ञेपुढें जी पायरी सांगाल तिच्यासकट तिच्याहून गंभीर तेवढ्या सर्व नोंदी बाहेर जातात. येथें शहाणपणा करणारे दोन टोकांस जातात. कोणी तीनवर थांबतात, कारण चुका तेवढ्याच पाहावयाच्या. परंतु "कोणीं मांडणी बदलली" आणि "यंत्र पुन्हां सुरू झालें" या नोंदी पांचव्या पायरीच्या आहेत, आणि चुकीचा संकेतशब्द देऊन कोणीं आंत शिरूं पाहिलें ही नोंद चवथ्या. तंटा निर्माण होतो तो नेमका याच गोष्टींवरून. दुसरे सातवर ठेवतात, आणि मग गोष्टी इतक्या येतात कीं कोणीच वाचीत नाहीं. शिवाय सातव्या पायरीच्या नोंदी मंदगति कन्सोलवर ओतल्या तर यंत्र लिहिण्यांतच गुंतून आपलें खरें काम विसरतें. बाहेरच्या संगणकाकडे सहापर्यंत पाठवावें आणि कन्सोलवर चारच्या पुढें जाऊं नये, असें माझें मत आहे. विद्यार्थ्यांच्या संगणकांचे पोर्ट संध्याकाळीं बंद झाले ही नोंद आम्हांला नको होती; ती पायरी उतरवून जात नाहीं, कारण तार सुटणें स्विच तिसऱ्याच पायरीवर लिहितो, आणि गंमत अशी कीं, तार परत लागली ही चांगली बातमीही त्याच पायरीवर. तेव्हां त्या बारा पोर्टांपुरतीच "लिंक-स्टेटस"ची नोंद बंद केली आणि बाहेरच्या केबलची चालू ठेवली.

एक गणित आहे, तें मुलांना फार आवडलें. प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर एक संख्या असते. पाठविणारा कोणत्या खात्याचा, याचा आंकडा आठानें गुणून त्यांत पायरी मिळविली कीं ती संख्या होते. सिस्कोचे स्विच मुळांत २३ व्या खात्याचे. तेवीस अठ्ठे एकशें चौऱ्याऐंशी, अधिक तीन, एकशें सत्त्याऐंशी. उलट १८७ ला आठानें भागा : भागाकार खातें, बाकी पायरी. बाकी नेहमीं सातांच्या आंतच राहते, म्हणून घोटाळा होत नाहीं.

मोठ्या शहरांतील श्रोत्यांना वाटेल कीं, टांकीच्या मोटारीसाठीं इतका खटाटोप खेड्यांतच शोभतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची हकीकत त्यांना आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार, या दिवशीं २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनीं सुमारें ७८ कोटी रुपये काढले गेले, आणि १३ तारखेस आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळते झाले. सारी मिळून सुमारें ९४ कोटींची लूट झाली. असल्या प्रसंगीं तपास करणाऱ्याला आधीं पाहावें लागतें तें हेंच, कोणत्या यंत्रांत कोण केव्हां शिरलें. आणि चोर कसबी असला तर तोही पहिल्यानें ज्या यंत्रांत शिरला त्याची पाटी पुसतो. म्हणूनच रोजनिशी दुसऱ्याच्या घरीं ठेवण्याचें महत्त्व. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं जे निर्देश काढले, त्यांत संगणकसेवा देणाऱ्यांपासून कंपन्या व सरकारी संस्थांपर्यंत सर्वांस तीन गोष्टी सांगितल्या आहेत : सर्व यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा, घड्याळें राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशीं मिळवा, आणि हल्ल्याची वर्दी सहा तासांच्या आंत द्या. पहिल्या दोन नसतील तर तिसरींत लिहावयाचें काय?

१८० दिवस ऐकून कोणीं घाबरूं नये. लहान संस्थेचा स्विच दिवसाला दोन हजार ओळी लिहितो असें धरलें आणि ओळ १२० अक्षरांची धरली, तर सहा महिन्यांच्या सर्व नोंदी सुमारें ४३ मेगाबाइट होतात. लग्नाच्या दहापंधरा छायाचित्रांना याहून अधिक जागा लागते. जुन्या फाइली आपोआप बांधून ठेवण्याची आणि मुदत संपल्यावर टाकून देण्याची सोय संगणकांतच असते. वाचण्याचें काम मात्र माणसाचें. आमच्या येथें सोमवारीं सकाळीं अकरावींतील दोन मुली आठवड्याच्या नोंदींतून पांच व त्याखालच्या पायऱ्यांच्या ओळी निवडून वहींत उतरवितात. वीस मिनिटें लागतात.

ज्यांना घरच्या घरीं हें पाहावयाचें असेल त्यांनीं आपल्या वायफायच्या डबींत डोकवावें. बहुतेकींत "सिस्टिम लॉग" नांवाचें एक पान असतें. त्यावरील तारीख आजची आहे कीं जुन्या कोणत्या सालची, हें आधीं पाहावें.

आणि ज्यांच्याकडे स्विचची व्यवस्था असेल त्यांनीं दोन गोष्टी विसरूं नयेत. दिलेल्या आज्ञा यंत्राच्या कायमच्या स्मृतींत उतरविण्याची आज्ञा शेवटीं निराळी द्यावी लागते. ती न दिल्यास पहिल्याच वीजखंडांत होस्ट, घड्याळ, पायरी, सर्व विसरलें जातें. नंतर एक केबल हातानें काढून दहा सेकंदांनीं पुन्हां लावावी आणि नोंदी घेणाऱ्या संगणकावर पाहावें. सुटल्याची आणि लागल्याची ओळ आजच्या तारखेनें, तारकाचिन्हावांचून, तेथें आलेली असली पाहिजे. आली नसेल तर "शो लॉगिंग" ही आज्ञा देऊन स्विच कोणत्या पत्त्यावर कार्डें टाकीत आहे तें पाहावें. पत्ता बरोबर असेल तर बहुधा दोष घेणाऱ्या संगणकाच्या दारवानाचा असतो. ५१४ या क्रमांकाचें दार उघडून ठेवण्यास त्यास सांगावें आणि केबल पुन्हां एकदां काढून पाहावी.